उजव्या हाताची लोंबी

शनिवार, २२ नोव्हेंबर. दुपारचे सव्वातीन. बदलापूर, नंदाचं घर, आतली खोली.

हजर: मी. प्रणाली, माझ्या धाकट्या बहिणीची, नंदाची मुलगी, जिचा उद्या साखरपुडा आहे. शैलाताई, प्रणालीची आत्या, पलंगावर मांडी घालून पानसुपारीच्या पुड्या बांधत. रमेशराव, प्रणालीचे वडील, बाहेरच्या खोलीत मंडपवाल्याशी फोनवर, म्हणजे अर्धे हजर.

गैरहजर: नंदा.

अंबरनाथच्या एका शाळेच्या कार्यालयात मी सव्वीस वर्षं हजेरीपत्रकं सांभाळते. कोण आलं, कोण नाही, हे लिहिल्याशिवाय मला कशाचीच सुरुवात करता येत नाही. म्हणून हे आधी लिहून घेतलं.

आज माझ्याकडे चौदा कामं होती. हार सांगणे, गुरुजींना आठवण करणे, पेढ्यांचे खोके मोजून घेणे, असली. तीन वाजेपर्यंत अकरा झाली होती. बाराव्या कामाची तयारी करत होते तेवढ्यात प्रणालीने मला हाताला धरून आत आणलं, दार लोटलं आणि मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. त्यात एक मुलगी घरच्या घरी नखांवर नक्षी काढून दाखवत होती. केसांच्या पिनेचं टोक रंगात बुडवून फूल. चिकटपट्टी लावून तिरपे पट्टे. वाटीत पाणी घेऊन त्यावर रंगाचे थेंब सोडायचे आणि त्यात बोट बुडवायचं, की नखावर पोपटाच्या पिसासारख्या लाटा. दर वेळी ती मुलगी म्हणत होती, "सो इझी!"

"छान आहे," मी म्हटलं. "यातलं कुठलं हवंय?"

"यातलं कुठलंच नकोय. हे तुला मूड यावा म्हणून दाखवलं." तिने बोटाने ते सरकवलं आणि एक फोटो काढला. कुठल्या तरी हळदीकुंकवातला. चहाचा कप धरलेला एक हात, बाकी बाई कापलेली. हात डावा. नखं हिरवी, प्रत्येक नखावर सोनेरी भाताची लोंबी. फोटो हललेला होता, पण मला स्पष्ट दिसला.

"मला हे हवंय. आईची लोंबी."

"पार्लरची वेळ घेतली होतीस ना?"

"कॅन्सल केली. ती बाई म्हणाली, मॅडम, स्टिकर लावून देते. मी म्हटलं, राहू दे." मग तिने पाठीमागे लपवलेला डावा हात पुढे केला. पाचही नखं हिरवी होती आणि पाचांवर लोंब्या. थोड्या जाडजूड, अंगठ्यावरची वाकडी, पण लोंब्याच. "डावा मी सकाळी केला. उजवा तुझ्यासाठी ठेवलाय."

शैलाताई बोलल्या.

"काय बाई ही रीत! दोन्ही हात एकदाच रंगवून मोकळं व्हायचं ना. त्या मोबाइलमधल्या पोरीला बघ, स्वतःचे दोन्ही हात स्वतःच करते."

"आत्या, आमच्यात डावा आपला आणि उजवा दुसऱ्याचा."

"तुमच्यात म्हणजे कोणात?"

प्रणालीने माझ्याकडे बघितलं. मी पानसुपारीच्या पुड्यांकडे.

मार्चपासून मी नखपॉलिशच्या बाटलीचं झाकण उघडलेलं नाही. स्वतःसाठी नाही, कोणासाठी नाही. उद्या ओटी घेताना, पेढा भरवताना, पाया पडताना हिचा उजवा हातच पुढे होणार, फोटोतही तोच येणार. तो आता मोकळा होता, आणि माझ्या हाताला हे काम अजून येतं की नाही, ते मला माहीत नव्हतं. येत नसेल तर हिला एका हाताने उभं राहावं लागेल. मी घड्याळ बघितलं. पाचला पाहुण्यांची पहिली खेप येणार होती.

"हिराची काडी आण," मी म्हटलं. "नव्या खराट्यातली. आणि टाचणी, जुना पेपर, कापूस."

"आणि पॉलिश? मी वापरलेली हिरवी आहे, पण पातळ झालीय."

"पॉलिश माझ्याकडे आहे."

पर्सच्या आतल्या चेनच्या कप्प्यात दोन बाटल्या होत्या. हिरवी आणि सोनेरी. आठ महिने तिथेच होत्या.

---

बदलापूरच्याच कुळगावात आमच्या घराला वर्षाचे चार महिने भाताचा वास यायचा आणि बाकीचे आठ महिने केळ्यांचा. केळीचं एक झाड दारात नव्हतं. तो वास नखपॉलिशचा. ज्यांनी एका खोलीत दोनदोनशे बाटल्या कधी बघितल्या नाहीत त्यांना हे खरं वाटत नाही, पण नखपॉलिशला काळ्या पडलेल्या, मऊ झालेल्या केळ्याचा वास येतो. अंथरुणाला यायचा, वह्यांना यायचा. वडील कारखान्यातून आले की उंबऱ्यातच विचारायचे, "घरान केली पिकत घातल्यान का गो?" रोज तोच विनोद, आणि रोज आई हसायची.

बाटल्या यायच्या उल्हासनगर कॅम्प एकमधून. तिथे एका गल्लीत एक सिंधी बाई पॉलिशचं दुकान आणि त्यामागे छोटा कारखाना चालवायच्या. सगळे त्यांना दादी म्हणायचे. आम्ही समजायचो म्हाताऱ्या आहेत म्हणून. खूप नंतर कळलं, सिंधीत थोरल्या बहिणीला दादी म्हणतात. रविवारी आई आम्हा दोघींना घेऊन कल्याणला गाडी बदलून शहाडला उतरायची. तिथून गल्ल्यागल्ल्यांतून चालत. एका गल्लीत पापडाचा वास, दुसरीत नव्या कापडाचा, तिसरीत फर्निचरच्या पॉलिशचा, आणि मग आमचा केळ्यांचा. डोळे बांधून सोडलं असतं तरी मी पोचले असते.

दादी मोजून खोकी द्यायच्या. आम्ही घरी प्रत्येक बाटलीवर लेबल चिकटवायचं, झाकण घट्ट पिळायचं, आणि पेपरवर बाटल्या उलट्या उभ्या करून ठेवायच्या. सकाळी उचलून बघायचं. ज्या बाटलीखाली पेपरवर रंगाचं टिंब उमटलं, ती गळकी. गळक्या बाजूला काढून परत न्यायच्या. दादी त्या हातात धरून उजेडात फिरवायच्या आणि आमच्याकडे ढकलायच्या.

"ये क्या करेगी मैं? ले जाओ. लडकी लोग लगाएगी."

आई ओशाळून म्हणायची, "नाय नाय, शाळेत चालत नाय."

"छा थियो? क्या हुआ? शाला में नाखून गिनते हैं क्या?"

शाळेत खरंच नखं बघायचे. सोमवारी प्रार्थनेनंतर हात पुढे, पालथे. म्हणून आमचा रंग शनिवारी दुपारी लागायचा आणि रविवारी संध्याकाळी उतरायचा. रंग काढायचं औषध घरात नव्हतं. नंदाने त्याच्यावर उपाय शोधला. वाळलेल्या रंगावर पुन्हा तोच रंग लावायचा, आणि तो ओला असतानाच फडक्याने पुसून काढायचा. वरचा रंग खालच्याला घेऊन निघतो. हे मी आजही कोणालाही सांगते, उपयोगी आहे. तेव्हा मात्र मला ते विचित्र वाटायचं, काढण्यासाठी लावायचं.

शनिवारची दुपार. शाळा सकाळची, आई शेतावर, वडील कामाला. मागच्या पडवीत शेणाने सारवलेल्या जमिनीवर आम्ही समोरासमोर बसायचो. मध्ये पेपर, त्यावर गळक्या बाटल्या. रंगांचा नेम नसायचा. एखाद्या आठवड्यात सगळ्या विटकरी, एखाद्या आठवड्यात असा जांभळा की बोटं दारात चिमटल्यासारखी दिसायची. बाटली हलवायची नाही, बुडबुडे धरतात. दोन्ही तळहातांत धरून रवीसारखी फिरवायची. पहिला थर पातळ, मध्ये एक, बाजूंना एकेक, तीन फटक्यांत नख संपलं पाहिजे. मग हात पसरून बसायचं आणि बोलायचं. रंग वाळेपर्यंत कशालाच हात लावता येत नाही, त्यामुळे तेवढा वेळ कोणी काम सांगू शकत नाही. आमच्या घरात रिकामं बसायची परवानगी मिळवायचा तो एकच मार्ग होता.

डावा हात जिचा तिने. उजवा दुसरीने. यात नियम वगैरे काही नव्हता. उजव्या हाताने उजवा रंगवता येत नाही, एवढंच. डाव्या हाताने प्रयत्न केला की रंग नखापेक्षा बोटाला जास्त. नंदा म्हणायची, "ताई, देवाने उजवा हात मुद्दाम असा दिलाय. नाहीतर बहिणी कशाला लागल्या असत्या?" ती आठवीत असेल. मी म्हटलं, गप, वाकडं होतंय.

गौरीच्या दिवसांत बुंदक्या. हिराची काडी आडवी मोडली की तिला आपोआप गोल डोकं येतं, ती रंगात टेकवून नखावर टेकवायची. पाच बुंदक्या गोलात, एक मध्ये, झालं फूल. दिवाळीत चंद्र. वह्यांच्या भोकांना चिकटवायच्या गोल चकत्या मिळायच्या, त्यांतली एक नखाच्या बुडाशी लावायची, वर रंग फासायचा, चकती सोलायची, की खाली कोरा चंद्र. थंडीत रंग घट्ट व्हायचा, मग बाटली चुलीच्या उबेला, पण लांब. एकदा जवळ गेली आणि आईने आम्हाला अंगणात हाकललं. उन्हाळ्यात लावता लावता सुकायचा, तार सुटायची, आणि नंदा ती तार मुद्दाम ओढून नखांवर जाळी काढायची.

आणि लोंबी.

लोंबी नंदाचीच. भात कापणीच्या आधीचे दिवस होते. पडवीतून समोरचं शेत दिसायचं, आता तिथे सात मजली इमारत आहे. त्या शनिवारी गळक्यांत दोनच रंग आले होते, गडद हिरवा आणि सोनेरी. नंदाने हिरवा लावला, वाळू दिला, मग हिराची काडी ब्लेडने उभी चिरून तिच्या कडेने मधोमध सोनेरी रेघ ओढली. रेघेच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन थेंब. आणि थेंब ओले असतानाच टाचणीने एकेक वर ओढला. थेंबाचा दाणा झाला. टोकदार, खालून फुगीर, अगदी भाताचा. तिने हात लांब धरला. शेताकडे बघितलं, नखाकडे बघितलं, आणि म्हणाली, "ताई, कुस निघालं बघ." भाताच्या दाण्याच्या टोकाला केसासारखं कुस असतं, तसं टाचणीने आपोआप ओढलं गेलं होतं.

मग तिने उजवा हात माझ्यापुढे केला.

मी समोर बसले होते. तिची बोटं माझ्या दिशेला. मला जशी सुलट दिसेल तशी मी लोंबी काढली, बूड माझ्याकडे, शेंडा वर. पाचही नखं नीट, दाणे तिच्यापेक्षा सारखे. तिने दोन्ही हात शेजारी धरले आणि खदखदून हसायला लागली. डाव्या हातावरच्या लोंब्या नखाच्या टोकाकडे उभ्या होत्या. उजव्यावरच्या उलट्या, मनगटाकडे. समोरून काढताना फिरवून काढायला हवी, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी वर्गात पहिली यायचे.

"पुस," मी म्हटलं. "परत काढते."

"अजिबात नाही."

तेवढ्यात आई शेतावरून आली. पाय धुतले, पदराला तोंड पुसलं, नंदाचे हात धरून बघितले. आता ओरडणार असं वाटलं. आईने दोन्ही हात उलटेपालटे केले आणि म्हणाली, "बरा झाला की. या हातान भात उभा हाय, आन या हातान कापून आडवा. खायाचा हात तोच."

त्यानंतर तेच ठरलं. डावा उभा, उजवा कापलेला. माझ्या उजव्या हातावर नंदाला सुलट काढता येत होती, तिला समोरून फिरवून कशी काढायची ते बरोबर कळायचं, तरी तिने माझीही उलटीच काढली. "तू माझी उलटी काढलीस, मी तुझी सुलट काढीन?"

---

लग्नं झाली. मी अंबरनाथला, ती बदलापुरातच, म्हणजे मधे एकही स्टेशन नाही. तरी रोज भेट व्हायची नाही. मला शाळा, तिला घर. शनिवारी दुपारी मी तिच्याकडे किंवा ती माझ्याकडे. पर्समध्ये बाटल्या. आता दुकानातल्या, न गळणाऱ्या, पण वास तोच. दादी गेल्याचं आम्हाला उशिरा कळलं. तिथे नंतर जीन्सचं दुकान झालं.

नंदा एक मूर्खपणा करायची. मी आले नाही तर ती उजवा हात तसाच ठेवायची. एका वर्षी माझ्या परीक्षांच्या याद्या चालल्या होत्या, सलग तीन शनिवार चुकले. त्याच दिवसांत तिच्या जावेच्या घरी बारसं. ही गेली, डावा हात हिरवा सोनेरी, उजवा कोरा. बायकांनी विचारून विचारून हैराण केलं. मला शैलाताईंचा फोन आला होता, तो आजही आठवतो.

"अहो, तुमच्या बहिणीला काही नवस आहे का? एक हात रंगवलाय, एक नाही."

मी नंदाला ओरडले. शेजारच्या मुलीकडून लावून घ्यायला काय झालं होतं?

"ती सुलट काढेल," नंदा म्हणाली.

त्या वाक्याच्या पुढे मी काही म्हणायला हवं होतं. मला वाटतं मी म्हटलं, पुढच्या शनिवारी साडेतीनला येते. आणि आले. वेळ मी पाळते.

तिच्या आजाराबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. कागदांची फाइल माझ्याकडे आहे, तारखांप्रमाणे लावलेली. मार्चमध्ये एके दिवशी सकाळी नर्सने सांगितलं, ऑपरेशनला न्यायच्या आधी नखांचा रंग काढा, बोटाला मशीन लावायचंय. मी खाली जाऊन औषधांच्या दुकानातून रिमूव्हर आणला. तो वास वेगळा, बोचरा. त्याला केळ्यांचा गंध नाही.

नंदाने डावा हात स्वतःच पुसला. पडल्यापडल्या, सावकाश. मग उजवा माझ्याकडे केला.

"उजवा तुझा आहे. तूच काढ."

मी कापूस भिजवला. नखावर धरायचा, दहा मोजायचे, मग ओढायचा. पहिल्यांदा सोनेरी जातं, मग हिरवं. पाच नखं झाली. खालून नखं इतकी फिकी निघाली की मी दोनदा पुसून बघितली, रंग राहिला की काय म्हणून. रंग नव्हता.

"घरी आल्यावर परत लाव," ती म्हणाली.

"लावते."

"लिही. तू लिहिलंस की होतं."

मी डायरी काढली आणि तिच्यासमोर लिहिलं. "नंदा, उजवा हात, परत लावणे." तिने मान उचलून वाचलं.

"उलट्याच काढ, हां."

चार दिवसांनी घरी आणली तेव्हा मी नवीन पान उघडलं. हिरवी साडी, हिरव्या बांगड्या, हळद, कुंकू, गजरा, ओटीचं सामान, गुरुजी, शववाहिनी, फोन करायच्या लोकांची नावं. सतरा गोष्टी. मी सतराही केल्या, एकही विसरले नाही. बायका म्हणाल्या, ताईंनी किती नीट केलं. बांगड्या मीच चढवल्या. डावा हात, मग उजवा. कोरी नखं मी बघितली. बाटल्या पर्समध्ये होत्या, पर्स माझ्या खांद्याला होती. पण ते काम आधीच्या पानावर होतं. मी पान मागे उलटलं नाही. बाहेर कोणीतरी म्हणालं, चला, आणि आम्ही सगळे उठलो.

ते काम राहून गेलं, हे मला त्याच दिवशी कळलं असतं तर कदाचित रडू आलं असतं. मला कळलं महिनाअखेरीला, राहिलेली कामं पुढच्या पानावर उतरवून घेताना. ती माझी पद्धत आहे. जे झालं नाही ते खोडायचं नाही, पुढे न्यायचं. मी ती ओळ पुढे नेली आणि खाली दुधाच्या पिशव्यांचं लिहिलं.

---

बाटली तळहातांत फिरवली. आठ महिन्यांत हिरवी घट्ट झाली होती. झाकण निघेना, प्रणालीने गरम पाण्याचा पेला आणला, त्यात बाटलीची मान बुडवून धरली. उघडल्याबरोबर वास सुटला. शैलाताईंनी नाक मुरडलं. "केळी सडलीत काय कुठे?"

मी वाट बघितली, मला काही होतंय का याची. काही झालं नाही. मी प्रणालीचा उजवा हात पेपरवर ठेवला.

हात नंदासारखा नाही. बोटं लांब, तिच्या वडिलांची. नखं मात्र तशीच, बुडाशी रुंद. मध्ये एक फटका, बाजूंना एकेक. अंगठ्याला चार लागले. दुसरा थर. मग फुंकर न घालता थांबायचं.

"मावशी, आई काय बोलायची गं, तुम्ही रंग वाळायची वाट बघायचात तेव्हा?"

"काही नाही. भाजीचं. शेजाऱ्यांचं. तुझं."

"माझं काय?"

"तू भात चिवडतेस, असं."

ती हसली. हसताना हात हलला, मी मनगट धरलं. मग काडी चिरली, सोनेरीत बुडवली, रेघ ओढली. पहिली रेघ जराशी जाड आली. दुसऱ्या नखावर नाही. हात येत होता. मला त्याचा आनंद झाला का ते सांगता येणार नाही. एखादं कपाट उघडावं आणि वस्तू जिथल्या तिथे असाव्यात, तसं वाटलं. तीन थेंब, तीन थेंब. टाचणी. दाणे ओढताना मी श्वास धरते, ही जुनी सवय. प्रणालीनेही धरला होता, ते मला नंतर जाणवलं.

करंगळीवरचा शेवटचा दाणा ओढून मी मान वर केली. शैलाताई पलंगावरून वाकून बघत होत्या.

"अगं बाई! ताई, उलट्या काढल्यात की सगळ्या! डाव्या हातावर बघा, त्या वर आहेत. या खाली तोंड करून. अरे देवा, आता?" आणि प्रणालीकडे वळून, "तरी म्हणत होते, पार्लरला जा. थांब, वाळायच्या आत पुसू."

मी बघितलं. मी समोर बसले होते आणि मला सुलट दिसेल अशा काढल्या होत्या. ठरवून काढल्या असं मला म्हणता येणार नाही. हाताने काढल्या. या मुलीकडे फक्त डाव्या हाताचा फोटो होता. उजव्याचं मी तिला कधी सांगितलं नव्हतं. मी कापूस उचलला.

प्रणालीने हात मागे ओढला, छातीशी, बोटं पसरून.

"हात नाही लावायचा कोणी."

"अगं पण उलट्या..."

"आत्या, माझ्या आईच्या उजव्या हाताच्या उलट्याच होत्या. मी लहानपणापासून बघत्येय, जेवताना तोच हात समोर यायचा." मग माझ्याकडे बघून, सावकाश, "मला भीती वाटत होती, मावशी. तू सुलट काढशील म्हणून. मी मुद्दाम सांगितलं नाही."

बाहेर रमेशरावांचा फोन संपला होता. ते दारात आले, काय चाललंय म्हणून. प्रणालीने दोन्ही हात त्यांच्यापुढे धरले. त्यांनी आधी डावा बघितला, मग उजवा. उजव्याकडे जरा जास्त वेळ बघितलं. "झालं तर," ते म्हणाले, आणि पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले. माठावरचं झाकण बराच वेळ वाजलं नाही.

शैलाताईंनी पुड्यांचं ताट जवळ ओढलं. एक पुडी बांधून, कोणाकडे न बघता म्हणाल्या, "मग त्या बारशाला तसं सांगितलं असतं तर मी तरी कशाला बोलले असते."

---

पाच वाजून दहा मिनिटं. पाहुणे अजून आले नाहीत. प्रणाली हात पसरून खिडकीपाशी बसली आहे. तिला कोणी काम सांगू शकत नाही. खोलीभर केळ्यांचा वास आहे. खिडकीतून त्या सात मजली इमारतीची मागची बाजू दिसते, गॅलऱ्यांत कपडे, पाण्याच्या टाक्या. पडवी त्या टाक्यांच्या जरा अलीकडे असावी, असा माझा अंदाज. आता नक्की मोजता येत नाही.

"मावशी, माझं वाळलं की तुझा उजवा करू," ती म्हणाली. "डावा तू आत्ता करून घे."

मी माझे हात बघितले. दोन्ही कोरे. "आधी पाहुणे," मी म्हटलं.

बाटल्यांची तोंडं पुसली, झाकणं घट्ट पिळली, पेपरवर उलट्या उभ्या करून ठेवल्या. उचलून बघितल्या. टिंब नाही. चेनच्या कप्प्यात ठेवून दिल्या.

मग डायरी काढली. हार, गुरुजी, पेढे यांच्यावर बरोबरची खूण होतीच. "प्रणाली, नखं" असं खाली लिहून खूण केली, कारण ते काम यादीत नसताना झालं होतं. त्याच्या वर, महिन्याच्या पहिल्या तारखेला पुढे आणलेली ती ओळ होती. पेन तिच्यापाशी नेलं. उजवा हात होता, पाचही नखं, लोंब्या उलट्या. पण ओळीत नाव नंदाचं होतं.

खूण केली नाही. डिसेंबरचं पान उघडलं आणि पहिल्याच ओळीवर, नीट अक्षरात, उतरवून घेतलं:

नंदा, उजवा हात, परत लावणे.